तारीख आधी, शिल्प नंतर

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाच्या निमित्ताने, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते. म्हणजे कोकणचा एक अख्खा पावसाळाही त्याला निभावता आला नाही. मग अटका झाल्या, माफ्या मागितल्या गेल्या, मोर्चे निघाले आणि मे २०२५ मध्ये त्याच जागी राम सुतार आणि अनिल सुतार यांच्या कार्यशाळेत घडलेला ६० फुटी पुतळा उभा राहिला. नवा पुतळा उभा राहिला म्हणजे जुने प्रकरण मिटले, असे सगळ्यांनी धरून टाकले आहे. ते मिटलेले नाही. कामाची जी उलटी रीत मालवणात त्या पुतळ्याच्या मुळावर आली, तीच राज्यातल्या लहानमोठ्या नगरपालिकांत, चौकाचौकांत, आजही बिनबोभाट चालू आहे. तिथे काही कोसळत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

ही रीत अशी. आधी तारीख ठरते. जयंती, वर्धापनदिन किंवा येऊ घातलेली निवडणूक. तारखेबरोबर पाहुणा ठरतो. मग उंचीचा आकडा ठरतो आणि तो शेजारच्या तालुक्यातल्या पुतळ्याहून चार फूट जास्त असावा लागतो. मग अंदाजपत्रक, मग निविदा. शिल्पकार या रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो. तो येतो तेव्हा जागा ठरलेली असते, चौथरा बांधून झालेला असतो, रक्कम ठरलेली असते आणि हातात उरलेले दिवस मोजके असतात. त्याने त्या चौथऱ्यावर मावेल असे काहीतरी वेळेत आणून ठेवायचे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. काम विचारपूर्वक करायचे तर हा क्रम मुळापासून फिरवायला हवा. आधी जागा आणि ती जागा वापरणारी माणसे, मग तिथे काही उभारण्याचे कारण, मग कलावंत, मग नमुना, मग खर्च, आणि अनावरणाचा दिवस अगदी शेवटी.

मालवणच्या पुतळ्याबाबत कला संचालनालयाने परवानगी दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला, असे तेव्हाच्या संचालकांनीच दुर्घटनेनंतर सांगितले. प्रत्यक्षात उभा राहिला तो सुमारे ३५ फुटी पुतळा. मूर्ती मोठी करणे म्हणजे छायाचित्र मोठे करणे नव्हे. उंची पाचपट केली की वारा अडवणारा पृष्ठभाग पंचवीसपट होतो. पायथ्याशी येणारा ताण त्याहूनही पुढे जातो, कारण त्या वाऱ्याचा जोर आता जमिनीपासून पाचपट उंचीवर लागतो. म्हणून मोठ्या पुतळ्यात धातूचे बाहेरचे कवच काही मिलिमीटरचे असते आणि खरा भार आतला पोलादी सांगाडा पेलतो. पाहणाऱ्याला जे दिसते ते शिल्पकाराचे काम, आणि पुतळा उभा राहतो तो न दिसणाऱ्या भागावर. तो भाग अभियंत्याचा. या दोघांनी पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसायला हवे.

वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असे कारण पहिल्या दिवशी पुढे आले. पुतळा वाऱ्याने पडला हे ऐकून ज्यांना बांधकामातले थोडेही कळते त्यांनी कपाळाला हात लावला असेल. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे भारतीय मानक ८७५ आहे. त्याच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर धरलेला आहे. ताशी हिशेब केला तर अनुक्रमे सुमारे १५८ आणि १४० किलोमीटर. मालवण याच किनाऱ्यावर, या दोन शहरांच्या मधे आहे. समुद्राच्या तोंडावर उभ्या केलेल्या कोणत्याही रचनेने याहून कमी वारा गृहीत धरायचा नसतो. पुढे चौकशी समितीनेही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे दिली. पुतळ्याच्या नटबोल्टांना गंज चढतो आहे, असे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने दुर्घटनेच्या काही दिवस आधी नौदलाला लिहिलेही होते.

हा गंज अनपेक्षित नव्हता. कांसे आणि साधे पोलाद खाऱ्या, दमट हवेत एकमेकांना टेकले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यात पोलाद झपाट्याने झिजते. हे फौंड्रीतल्या कारागिराला ठाऊक असते, बंदरातल्या बोटदुरुस्तीवाल्यालाही ठाऊक असते. म्हणून आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचा करतात, दोन धातूंच्या मधे रोधक थर घालतात, आत साचणारे पाणी निघून जायला वाट ठेवतात. या प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. वेळ मागणारा शिल्पकार मात्र आपल्या व्यवस्थेला अडचणीचा वाटतो, आणि ‘देतो साहेब, तारखेला देतो’ म्हणणारा आवडतो.

त्याच मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला त्याचे काम सुरू झाले, पुरे व्हायला सुमारे तीन वर्षे लागली, आणि पायाचे चिरे शिसे ओतून बसवले, असे सांगतात. पुढे १६९५ मध्ये राजाराम महाराजांच्या काळात किल्ल्यात शिवरायांचे मंदिरही बांधले गेले. ज्या राजाने खारा वारा आणि लाटा यांचा असा विचार केला, त्याच्याच स्मारकाच्या बोल्टांना नऊ महिन्यांच्या आत गंज चढतो, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते. त्याच्याविषयीच्या भक्तीचे मोजमाप उंचीत करण्यापेक्षा पायात करायला हवे होते.

दुर्घटनेनंतर सगळा राग मालवणचा पुतळा घडवणाऱ्या शिल्पकाराच्या वयावर निघाला. चोवीस वर्षांचा पोरगा, त्याला एवढे काम दिलेच कसे, असे सगळीकडे ऐकू आले. त्याची जी काही जबाबदारी आहे ती न्यायालय ठरवील. पण वयाचा हा मुद्दा मला पटत नाही, आणि तो धोकादायकही वाटतो. कारण त्यातून निघणारा धडा असा की यापुढे मोठी कामे दोन-चार नामवंत कार्यशाळांनाच द्यावीत. वॉशिंग्टनमधले व्हिएतनाम युद्धाचे स्मारक घडवणारी माया लिन निवड झाली तेव्हा २१ वर्षांची होती, विद्यापीठात शिकत होती. १४२१ प्रवेशिका आल्या होत्या, त्यांवर नावे नव्हती, फक्त क्रमांक होते, आणि जाणकारांच्या मंडळाने तिचा आराखडा उचलला. त्या भिंतीला पुतळा नाही, घोडा नाही, फक्त काळा दगड आणि मृतांची नावे. तिच्यावर टीका झाली, वाद पेटला, पण १९८२ मध्ये स्मारक पूर्ण झाले आणि लोक आजही त्या नावांवरून हात फिरवतात. कल्पना तिची होती. ती उभी करायला तिच्यामागे अनुभवी वास्तुविशारद आणि अभियंते होते. आपल्याकडे तरुण शिल्पकाराला काम मिळाले तर उघड स्पर्धेतून मिळावे, आणि मिळाल्यावर त्याच्यामागे अशी फळी उभी करावी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून, राज्यभरच्या कला महाविद्यालयांतून दरवर्षी मुले-मुली शिल्पकला शिकून बाहेर पडतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना आपल्या गावच्या चौकाचे काम कधी निघाले, कुणाला मिळाले, हेसुद्धा कळत नाही.

आपल्याला हे जमत नाही असेही नाही. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात विनायकराव करमरकरांचा अश्वारूढ शिवपुतळा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारातून त्या स्मारकाची पायाभरणी १९२१ मध्ये झाली आणि अनावरण १९२८ मध्ये. मधे शाहू महाराज गेले, अडचणी आल्या, विलंब झाला. करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी गावात त्यांच्या हातचे काम पाहिले आणि त्यांना जे. जे. स्कूलमध्ये धाडले, हा किस्सा कलावर्तुळात सर्वश्रुत आहे. एवढा अवजड पुतळा एकसंध ओतायची सोय तेव्हा कोणत्याही कलाशाळेत नव्हती, म्हणून ते जहाजे बांधणाऱ्या माझगाव डॉकमध्ये गेले आणि तिथे ओतकाम करवून घेतले. शिल्पकार आणि गोदीतले धातुकामगार एकत्र आले, तेव्हा तो घोडा उभा राहिला. आता त्याला शंभर वर्षे व्हायला आली. पुण्यात राहून ज्यांनी तो अजून पाहिलेला नाही त्यांनी एकदा जाऊन पाहावा. घोड्याची मान, त्याच्या पोटाखालचा ताण, स्वाराची बैठक, हे सगळे कुठल्याही बाजूने पाहिले तरी ढळत नाही.

कुठल्याही बाजूने पाहिले तरी, हे मी मुद्दाम म्हणतो. सार्वजनिक शिल्पाला ‘समोर’ अशी एकच बाजू नसते. रिक्षातून जाणारा ते डावीकडून पाहतो, बसस्टॉपवरची बाई पाठीमागून पाहते, तिसऱ्या मजल्यावरचा कारकून वरून पाहतो. मूर्ती उंच चौथऱ्यावर गेली की खालून पाहणाऱ्याला डोके लहान दिसते, म्हणून जाणता शिल्पकार मस्तक आणि खांदे किंचित वाढवतो. ते किती वाढवायचे हे चौथऱ्याची उंची आणि पाहणाऱ्याचे अंतर कळल्याशिवाय ठरवता येत नाही. मूर्तीचे तोंड कुठे करायचे हाही असाच प्रश्न. आपल्या अक्षांशावर वर्षातले बरेच महिने सूर्य दक्षिणेकडून जातो. उत्तरेकडे तोंड केलेल्या मूर्तीचा चेहरा त्या काळात दिवसभर सावलीत राहतो आणि मागच्या आकाशाच्या उजेडात नुसती काळी आकृती दिसते. आपल्या गावातल्या पुतळ्याकडे जरा या नजरेने पाहा. चेहरा दिसतो का? मागे होर्डिंग आहे का? विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत? मुंबईत भायखळ्याचा खडा पारशी एकेकाळी मोकळ्या चौकात उभा होता. आज त्याला दोन्हीकडून उड्डाणपुलांनी घेरले आहे. उड्डाणपूल आखताना त्याचा विचार झाला असता तर पूल थोडा सरकला असता, एवढेच.

जागेचा अभ्यास करायला फार खर्च येत नाही. बांबूचा सांगाडा करून त्यावर कापड ताणायचे आणि नियोजित शिल्पाच्या आकाराची ती आकृती महिनाभर प्रत्यक्ष जागेवर उभी करून ठेवायची. वाहतूक अडते का, शाळेतून सुटलेल्या पोरांना रस्ता ओलांडताना समोरची गाडी दिसते का, भाजीवाली कुठे सरकते, संध्याकाळी म्हातारी माणसे तिथे टेकतात का, हे सगळे त्या महिन्यात कळते. गणपतीचा मांडव घालणाऱ्या कोणत्याही मंडळाला हे काम दोन दिवसांत जमेल.

पुतळ्यांविषयी इतके लिहिले, कारण आपल्याकडे सार्वजनिक कला म्हटले की पुतळाच समोर येतो. पण गेल्या काही वर्षांत ‘सुशोभीकरण’ नावाचा दुसरा प्रवाह जोरात आहे आणि त्याचे मला जास्त दुःख होते. वाहतूक बेटावर फायबरचे डॉल्फिन, उड्डाणपुलाखाली फायबरचे हत्ती, तलावाकाठी गावाच्या नावाची लाल-पांढरी अक्षरे आणि शेजारी बदामाचा आकार. हीच अक्षरे नांदेडला, हीच नाशिकला, हीच रत्नागिरीला. ही कामे बहुतेक वेळा उद्यान किंवा विद्युत विभागाच्या निविदेतून होतात. बाके, कुंपण, दिवे आणि शिल्प एकाच यादीत असतात आणि सगळ्यात कमी दर देणाऱ्या ठेकेदाराला ती यादी मिळते. कमी दर हा निकष गटाराच्या पाइपला लावता येतो, कारण पाइप कसा हवा ते आधी लिहून ठेवता येते. शिल्प कसे हवे ते लिहून ठेवता येत नाही, म्हणून ते आधी नमुन्यात पाहावे लागते. गुणवत्तेला आणि किमतीला वेगवेगळे गुण देऊन निवड करण्याची पद्धत सरकारी खरेदीच्या नियमांत आहेच. सल्लागार नेमताना ती वापरतात. शिल्पकार नेमताना ती वापरायला कुणाची हरकत असावी?

दुसऱ्या वाटेनेही चांगले काम होऊ शकते, हे मुंबईने पाहिले आहे. वांद्र्याला रेक्लमेशनजवळच्या टेलिफोन निगमच्या इमारतीवर दादासाहेब फाळके २०१४ पासून आहेत. रंजित दहिया यांनी रंगवलेले ते भित्तिचित्र त्या ओक्याबोक्या सरकारी भिंतीला अर्थ देऊन गेले. २०१७ मध्ये ससून डॉकवर कलाप्रकल्प झाला, तेव्हा तिथल्या कोळी बायांचे, कामगारांचे चेहरे मोठे होऊन भिंतींवर आले. आयुष्यात कधी आर्ट गॅलरीची पायरी न चढलेली माणसे तिथे आपल्या शेजारणीचा फोटो पाहायला थांबली, आणि दक्षिण मुंबईतली माणसे पहिल्यांदा त्या मासळीच्या वासात शिरली. त्या कामाला चौथरा नव्हता. ते तिथल्या माणसांपासून सुरू झाले होते, म्हणून ते त्या जागेचे झाले.

नियम नाहीत अशी स्थिती नाही. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला दिला. राज्य सरकारने २ मे २०१७ च्या शासन निर्णयाने पुतळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जागेची मालकी, पोलीस आणि वाहतूक यांची बाजू, कला संचालनालयाची मातीच्या नमुन्याला मान्यता, देखभालीची हमी, हे सगळे त्यात येते. पण हे नियम प्रामुख्याने कायदा-सुव्यवस्थेच्या काळजीतून आलेले आहेत. शिल्प चांगले आहे का, टिकेल का, इथे शोभेल का, हे प्रश्न विचारायची सक्ती कुणावरच नाही. नमुन्याला मान्यता देणारी यंत्रणा पुढे काय उभे राहिले ते पाहायला जागेवर जात नाही, हे मालवणने दाखवून दिले. राजकोटच्या नव्या पुतळ्याच्या निविदेत मात्र शंभर वर्षे टिकण्याची अट आणि दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी घातली गेली. हे शहाणपण पडझडीनंतर आले. ते आता एका पुतळ्यापुरते ठेवू नये.

देखभालीचे तर विचारूच नये. जयंतीच्या आदल्या दिवशी कांस्यपुतळ्यावर ऑइलपेंटचा नवा थर चढतो, कधी सोनेरी, कधी काळा. वर्षानुवर्षांच्या थरांनी नाक, ओठ, वस्त्राच्या चुण्या भरून जातात आणि शिल्पकाराने घडवलेला चेहरा रंगाखाली गडप होतो. मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनच्या दगडावरही असेच रंगाचे थर चढले होते. ते काळजीपूर्वक काढून २०१९ मध्ये ते कारंजे पुन्हा लोकांसमोर आले, तेव्हा त्या दगडातले बारकावे कित्येकांनी पहिल्यांदा पाहिले. कांशाला रंग लागत नाही. सौम्य साबणाने धुवून, कोरडे करून मेणाचा हात द्यावा लागतो, तोही वर्षातून एकदा-दोनदा. माळ घालायला शिडी थेट मूर्तीला टेकवू नये, अभिषेकाचे दूध मूर्तीवर वाळू देऊ नये. हे सांगणारे एक पानी पत्रक प्रत्येक नगरपालिकेत भिंतीवर लागले तरी निम्मे नुकसान थांबेल.

कलावंताच्या हक्काचेही तसेच. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचे सुमारे १४० फूट लांबीचे कांस्य भित्तिशिल्प होते. १९७९ मध्ये ते शिल्पकाराला न विचारता काढले आणि गोदामात टाकले. सहगल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. कृती सरकारने विकत घेतली म्हणून ती मोडण्याचा हक्क सरकारला मिळत नाही, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ वरून त्या निकालाने स्पष्ट केले. आपल्या किती मुख्याधिकाऱ्यांच्या कानावर हा निकाल गेला असेल? रस्तारुंदीकरणात हटवलेली शिल्पे पालिकेच्या गोदामांत, भंगार खांबांशेजारी पडून राहिलेली आपण पाहतोच. आणि जी उभी आहेत त्यांच्या कोनशिला वाचा. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती, नगरसेवक, मुख्याधिकारी, ठेकेदार, सगळ्यांची नावे तिथे असतात. शिल्पकाराचे नाव शोधावे लागते आणि पुष्कळदा ते सापडतच नाही. ओतकाम करणाऱ्या फौंड्रीचे तर नाहीच नाही.

राज्यात येत्या काळात मोठी कामे होणार आहेत. इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ३५० फुटी शिल्प घडते आहे, मेट्रोची स्थानके उभी राहत आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत स्मारकांच्या घोषणा होत आहेत. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या बांधकामखर्चातला एक टक्का कलेसाठी राखायला सुरुवात केली, अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये तसाच नियम केला. आपणही असा वाटा राखावा, पण तो देताना काही गोष्टी पक्क्या कराव्यात. जागा ठरवतानाच कलावंताला बोलवावे. निवडक तीन-चार शिल्पकारांना नमुन्याचे मानधन द्यावे, फुकट नमुने मागू नयेत. निवड मंडळात शिल्पकार, अभियंता, वास्तुविशारद आणि त्या वस्तीतली दोन माणसे असावीत आणि त्यांनी केलेल्या निवडीची कारणे लेखी जाहीर व्हावीत. खर्चातला एक भाग देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा.

आणि यातले काहीच जमले नाही तरी एक गोष्ट उद्या करता येईल. अनावरणाची तारीख शिल्पकार आणि संरचना अभियंता या दोघांच्या लेखी संमतीशिवाय जाहीर करता येणार नाही, असे एक कलम २०१७ च्या त्या शासन निर्णयात घालावे. त्याला निधी लागत नाही आणि नवी समितीही लागत नाही. मंत्रालयातून एक शुद्धिपत्रक निघाले की झाले.